माहेर विचारणाऱ्या कुंदाताई

सकाळी वॉर्डातून फोन आला तेव्हा मी आधी ओरडले. घरी गेलेल्या पेशंटच्या फाइली दोन-दोन दिवस वरच पडून राहतात, यावरून आदल्याच दिवशी माझं सिस्टरांशी वाजलं होतं. "फाइली खाली पाठवताय की मी येऊ वर?" असं म्हणून मोकळी झाले. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, फाइलचं नाही... कुंदाताई गेल्या." आदल्या संध्याकाळी त्यांना गव्हाणच्या घरून बेशुद्ध अवस्थेत आणलं होतं, मी त्यांच्या उशाशी उभी राहून आले होते, तरीही मला ते खरं वाटेना. ज्या बाईने तीस वर्षं या हॉस्पिटलातल्या प्रत्येक माणसाचा कागद सांभाळला, तिचा कागद आता माझ्याकडे येणार होता.

आमचं हॉस्पिटल पनवेलच्या जुन्या वस्तीला लागून आहे. मी इथे पुण्याहून आले ती वैद्यकीय नोंदींच्या व्यवस्थापनाचा डिप्लोमा घेऊन, आणि नाकाचा शेंडा वर ठेवून. आजारांना जगभर एकच कोड असतात, एका पेशंटला एकच नंबर असावा, नोंद अशी हवी की कुठल्याही डॉक्टरला तिचा एकच अर्थ लागेल, हे सगळं मला तोंडपाठ होतं. आणि रेकॉर्ड रूममध्ये मला कोण भेटलं, तर दहावी झालेल्या, सुती साडीचा पदर खोचून लाकडी शिडीवर चढलेल्या कुंदाताई. "नवीन मॅडम काय गो तुमी? जरा ती खालची फाइल द्या," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी दिली. सांगते काय, मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाइलीच देत होते.

त्यांच्या कामाची एक तऱ्हा होती आणि ती मला अजिबात आवडत नसे. आलेल्या प्रत्येक बाईला नाव-गाव विचारून झालं की त्या विचारायच्या, "बाय, माहेर कुठलं? बापाचं नाव काय?" आणि फाइलच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या. बाया पण खुलायच्या. माहेर विचारलं की कोणती बाई खुलत नाही? रांग दारापर्यंत जायची आणि इकडे मी चरफडत बसायचे. एकदा मी म्हटलंच, "कुंदाताई, हे हॉस्पिटल आहे, हळदीकुंकू नाही." त्या हसल्या. "मॅडम, पहिलं बाळंतपन माहेरी, दुसरं सासरी. बाई एकच, नावं दोन. तुमचा कंप्युटर वळखंल का तिला?" मी रांगेतल्या पुढच्या बाईला हाक मारली.

मग कॉम्प्युटर आलाच. जुन्या नोंदी टप्प्याटप्प्याने आत घ्यायच्या आणि नवीन पेशंट थेट त्यातच नोंदवायचा, असं ठरलं. वेळ थोडा, टाइप करणारी माणसं दोन. एकेका पेशंटच्या पानावर इतके रकाने की मुलं कंटाळून जायची. काम लवकर उरकावं म्हणून मी एक शहाणपणा केला. 'औषधाची ॲलर्जी' या रकान्यात आधीच 'नाही' भरून येईल अशी सोय करून घेतली. असेल त्याची नोंद बदलायची, बाकी पुढे. माहेरच्या नावाला तर मी जागाच ठेवली नाही. कुंदाताई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या. "मॅडम, 'नाय' कोनी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "येक असतं नाय, आनि येक असतं इचारलंच नाय. तुमी दोनी येकच करून टाकलं." मी म्हटलं, "कुंदाताई, तुम्ही तुमचं बघा." इतक्या तुसड्या आवाजात, की आजही आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

पंधरवडाही झाला नसेल. पळस्प्याकडच्या एका वीटभट्टीवरून जनाबाई नावाची कातकरी बाई आली. पायाला जखम होऊन पू झालेला, अंगात ताप. नवऱ्याच्या नावाने नवीन पेशंट म्हणून नोंद झाली, पान उघडलं, ॲलर्जी आपोआप 'नाही'. डॉक्टरांनी पडद्यावर बघितलं आणि पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहिलं. तिला ड्रेसिंगला आत घेतलं. नोंदणीच्या खिडकीशी तिची सासू बसली होती. कुंदाताईंनी सवयीने तिलाच विचारलं, सुनेचं माहेर कुठलं म्हणून. सासूने वाडीचं नाव सांगितलं, व्याह्याचं सांगितलं. कुंदाताई उठून आत गेल्या. जुनं रजिस्टर गाववार लावलेलं होतं. वाडी काढली, बापाचं नाव काढलं आणि फाइल उघडली. पहिल्या बाळंतपणाची. वर त्यांनीच लाल शाईने लिहिलेलं... पेनिसिलीन देऊ नये, जीव थोडक्यात वाचला आहे.

गुडघे दुखतात म्हणून जिन्याला वळसा घालणारी ती बाई त्या दिवशी फाइल छातीशी धरून पळाली. मी त्यांना पळताना बघितलं, पण का ते कळलं नाही. सिस्टरच्या हातात सिरिंज भरलेली होती. कुंदाताईंनी तिचं मनगट धरलं. जनाबाईला नंतर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मागं सुई टोचली तवा डोळं फिरलं व्हतं. पन कंची सुई, ते कोनी सांगलंच नाय." तिला दुसरं औषध दिलं. आठवड्याने ती लंगडत का होईना, आपल्या पायाने घरी गेली.

आता माझं सांगते. मी घाबरले होते. नोकरी कायम व्हायची होती. कोणाच्या लक्षात यायच्या आत त्या पानावरचं 'नाही' बदलून टाकावं म्हणून मी बसले, तर कुंदाताई आल्या आणि बाजूला खुर्ची ओढली. "पुसायचं नाय," त्या म्हणाल्या. "कागदावर चुकलं तर आमी काय करतो? येक रेघ मारतो, खालचं वाचता आलं पायजे. बाजूला खरं लिवतो, सही करतो. कंप्युटरला काय येगळा कायदा हाय?" मी म्हटलं, सॉफ्टवेअरची चूक आहे. त्या म्हणाल्या, "त्याला शिकवलं कोनी?" ... मी अहवाल लिहिला, स्वतःच्या नावाने, आणि त्यांच्याशी दोन आठवडे बोलले नाही. मला वाटलं, या बाईने माझा काटा काढला. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं तेव्हा मला कळलं, अहवालाखाली त्यांनी दोन ओळी स्वतःच्या जोडल्या होत्या: मला हे आधी दिसले होते, मी मॅडमना सांगून गप्प बसले, साहेबांकडे गेले नाही, ही माझी चूक. खाली सही. माझी नोकरी राहिली. रकान्यात 'विचारलेले नाही' हा तिसरा पर्याय आला, माहेरच्या नावाला जागा झाली. घाईत भरलेली सगळी पानं आम्ही दोघींनी शेजारी बसून पुन्हा तपासली. चार महिने. त्यांच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मी तेव्हा खायला लागले, आमच्या शाकाहारी घरी सांगितलं नाही.

त्या गेल्या त्या दिवशी दुपारी मृत्यूच्या कारणाचा फॉर्म खाली आला. तरुण डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'हृदय व श्वास बंद पडून मृत्यू'. मी तो घेऊन वर गेले. म्हटलं, "डॉक्टर, जाणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतं. ते कशाने पडलं, ते लिहा." ते थकले होते. "मॅडम, आता काय फरक पडतो?" त्यांचंही चुकलं नव्हतं, पण मी मागे हटले नाही. खाली येऊन कुंदाताईंचा एकमेव केसपेपर शोधला, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. रक्तदाब खूप वाढलेला, गोळ्या लिहून दिलेल्या. पुन्हा दाखवायला आल्याची नोंद नाही. दुसऱ्यांच्या कागदाला इतकं जपणाऱ्या या बाईने स्वतःचा कागद असा सोडून द्यावा, याचा मला त्या दुपारी फार राग आला. रडूही आलं. डॉक्टरांनी तो केसपेपर रात्रीच्या स्कॅनसोबत वाचला आणि नवीन फॉर्म भरला: मेंदूत रक्तस्राव, मूळ कारण जुना उच्च रक्तदाब.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा रूपेश मृत्यूच्या दाखल्याच्या कामासाठी आला. उरणला कंटेनर यार्डात नोकरीला असतो, पस्तिशीचा असेल. मी दाखवलेली फॉर्मची प्रत त्याने दोनदा वाचली. "मॅडम, आईला बीपी व्हता? आमाला कदी बोलली नाय." मी म्हटलं, "तुझा कधी तपासलास?" तो हसला, मला काय होतंय, म्हणाला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि सिस्टरना बोलावलं. त्यांनी पट्टा बांधला, मोजलं, पुन्हा मोजलं. आकडा चांगला नव्हता.

मी त्याच्या नावाचं नवीन पान उघडलं. नाव, गाव, वय. औषध कुठलं चालत नाही का, विचारलं. थांबून, नीट विचारलं. मग पुढचा रकाना आला.

"घरात कोणाला बीपीचा त्रास?"

"आईला," रूपेश म्हणाला.

मी लिहून घेतलं.