लग्नाची पॉलिसी

मी तेरा वर्षांची होते तेव्हा आमच्या घरी माझ्या लग्नाचे पैसे भरायला सुरुवात झाली. आजही आठवलं की डोकं तापतं.

आम्ही परदेशीपुऱ्यात, हिंदी मुलखातल्या एका मिल-वस्तीत राहायचो. बाबा मिलमध्ये क्लार्क, आई सरकारी शाळेत शिक्षिका. मिल तेव्हा कधी चालायची, कधी बंद असायची, त्यामुळे भरवशाचा पगार आईचाच. फेब्रुवारी आला की तिच्या शाळेत टॅक्स वाचवल्याचे कागद द्यावे लागत. त्या वर्षी बाबा म्हणाले, मुलांच्या शिक्षणासाठीच पैसे टाकू, टॅक्सही वाचेल. पोस्टाची सर्टिफिकेटं, पीपीएफ की विमा, यांतलं काय बरं ते काढायचं काम त्यांनी मला दिलं, कारण घरात गणित माझंच पक्कं. मी दोन संध्याकाळ बसून वहीच्या मागच्या पानांवर तक्ता केला. टॅक्सची सूट तिन्हींवर होती. पीपीएफचे पैसे पंधरा वर्षं अडकणार, विम्यात हाती कमी येणार. सर्टिफिकेटं सहा वर्षांत मोकळी होणार, म्हणजे मी कॉलेजात असतानाच. बाबांनी पाठ थोपटली.

रविवारी काका आले. हे बाबांचे मिलमधलेच दोस्त. मिलचं काही खरं नाही हे ओळखून विम्याचे एजंट झालेले. पोहे खाताखाता त्यांनी माझी वही चाळली आणि बाजूला ठेवली.

"अरे भिया, सर्टिफिकेट-विर्टिफिकेट छोड़! मुलाला एज्युकेशन प्लॅन, बेटीला मॅरेज प्लॅन. टॅक्सची छूट दोन्हींवर सेम आहे. टेन्शनच नाही."

बाबांनी मान डोलावली, आईने सह्या केल्या. धाकट्या भावाला तेव्हा तेराचा पाढा येत नव्हता, आणि शिक्षण त्याचं! माझे पैसे मिळणार एकविसाव्या वर्षी, बोहल्यावर चढायला. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. वही तेवढी परत दिली.

वर्षभरात मिल कायमची बंद पडली. बाबांच्या हक्काचे पैसेही तिथेच अडकले. आमचं दूध निम्मं झालं, आई पायी शाळेत जाऊ लागली, पण माझ्या लग्नाचा हप्ता कधी चुकला नाही. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेज नव्याने निघालेलं, खाजगी, फी तशीच तगडी. बाबा म्हणाले, "बीएस्सी कर ना. त्यात काय वाईट आहे?"

घरात माझ्या नावाचे पैसे पडून होते आणि मी बीएस्सी करायची! मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी आई मला घेऊन काकांकडे गेली. म्हणाली, "हिची पॉलिसी मोडायची आहे."

"वहिनी, पागल झाल्या का? नुकसान होईल. भरलेले पैसेपण पूरे नाही मिळणार. आणि उद्या शादीला काय करणार?"

"ते उद्या बघू, भाऊजी. आज फॉर्म द्या."

भरल्यापेक्षा कमीच मिळाले. पहिल्या वर्षाची फी मात्र भागली, पुढचं मी शिकवण्या करून निभावलं.

नोकरी लागल्यावर एकदा मी आईला भांडणाच्या सुरातच विचारलं, "पगार तुझा, सही तुझी. मग त्या रविवारी तू गप्प का बसलीस?" बाबांपुढे काय बोलणार, असं काहीतरी ती म्हणेल, अशी माझी खात्री होती.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गप्प कुठे बसले? तुझ्या लग्नासाठी एखादी पॉलिसी बघा, असं काकांना आदल्या दिवशी मीच सांगून आले होते."