जळगावचे पिचर, धुळ्याचे वामननाना

वामननानांची आणि माझी पहिली भेट जळगावच्या मैदानावर झाली. जिल्ह्याच्या बेसबॉल संघाची निवड नुकतीच आटोपली होती. चोपड्याची मी, सगळ्यांच्या मते उद्याची मोठी पिचर म्हणजे चेंडू फेकणारी, त्या संघातून वगळले गेले होते. खांदा दुखावल्यापासून माझ्या चेंडूला वेग राहिला नव्हता. मी कुंपणापाशी बूट सोडत बसले होते. तेवढ्यात धुळ्याच्या संघाचे प्रशिक्षक वामननाना माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"पोरी, खांदा दुखस का?"

मी मान डोलावली.

"ते मंग झेलाले ये. आमनाकडे कॅचर नही शे."

कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून पिचरचा चेंडू झेलणारा. मला तो माझा अपमान वाटला. मी बूट उचलून तिथून निघून आले. पुढच्या रविवारी मात्र नाना आमच्या घरी चोपड्याला हजर झाले.

माझ्या वडिलांना खेळाचा कंटाळा आला होता. "आता हिचं खेळून काय होणार?" त्यांनी सरळच विचारलं. मला वाटलं, नाना आता मोठमोठी स्वप्नं दाखवतील. ते म्हणाले, "भाऊ, ती देशाकडून खेळेल असं मी म्हणत नाही. खेळात तिला जागा आहे आणि ती जागा ती चांगली सांभाळेल, एवढं सांगतो." वडिलांनी चहा मागवला. नंतर ते आईला म्हणाले, "माणूस खोटं बोलला नाही. जाऊ दे पोरीला."

नाना असं का बोलू शकले, हे मला धुळ्याला गेल्यावर कळलं. मूळचे ते पाचोऱ्याकडचे. तरुणपणी जळगावचे नावाजलेले पिचर. हा पोरगा भारताकडून खेळणार, असं सारा जिल्हा म्हणत असे. देशाच्या संघाच्या सराव शिबिरापर्यंत ते पोहोचले आणि तिथून परत आले. कारण विचारलं तर आजही ते शांतपणे सांगतात, "दुसरे माझ्यापेक्षा सरस होते." परतले तेव्हा जळगावच्या संघातली त्यांची जागा भरलेली होती. दोन हंगाम त्यांनी चेंडूला हात लावला नाही. मग नेहमी हरणाऱ्या धुळ्याच्या संघानं त्यांना बोलावलं. त्यांचे वडील संतापले. "जळगावनं मीठ खाईसन धुयासाठे खेळशी का?"

"आबा, खेळ ते तोच शे ना," एवढंच नाना म्हणाले आणि निघाले.

धुळ्यासाठी ते बरीच वर्षं खेळले. एकदा राज्याच्या संघात राखीव म्हणून गेले, त्यापलीकडे मजल गेली नाही. पण धुळ्याचा संघ उपांत्य फेरी खेळू लागला तो त्यांच्यामुळे. शाळेत क्रीडाशिक्षक झाल्यावर त्यांनी नेमकी माझ्यासारखीच मुलं-मुली शोधली: कुठून तरी वगळलेली, मोठ्या अकादमीतून परत पाठवलेली. साक्रीकडच्या पाड्यांपर्यंत ते मोटारसायकलवर जात. नाशकाच्या अकादमीतून परतलेल्या एका मुलानं घराबाहेर पडणंच सोडलं होतं. नानांनी त्याला आधी नुसतं मैदानावर पाणी मारायला बोलावलं. तो आज नोकरी सांभाळून कार्यालयाच्या संघाकडून खेळतो. मी कॅचर म्हणून धुळ्याकडून आणि पुढे विद्यापीठाकडून खेळले. आता पाचोऱ्याच्या शाळेत मुलांना शिकवते. आम्हा कुणाचेही फोटो वर्तमानपत्रात फारसे आले नाहीत. पण आम्ही खेळलो, मनसोक्त खेळलो.

गेल्या वर्षीचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. नानांनी घडवलेल्या माधुरीला, धुळ्याच्या सर्वांत चांगल्या फलंदाजाला, स्पर्धेच्या तोंडावर जळगावचं बोलावणं आलं. तिथं सराव चांगला, पुढं जाण्याची संधीही मोठी. आमच्यातले सगळे चिडले. माधुरी रडत म्हणाली, "नाना, मी नाही जात." नानांनी तिची बॅट आणि ग्लोव्ह पिशवीत भरले. आमच्याकडे वळून म्हणाले, "आपली पोर चांगला संघमा जाई राहिनी. यामा तोंड पाडानं काय काम?" आणि स्वतः तिला जळगावला सोडून आले.

अंतिम सामन्यात माधुरीच्याच फटक्यानं धुळे हरलं. आमच्या बाकावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नाना एकटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सामना संपताच ती पोर थेट त्यांच्याकडे धावली. तिला जवळ घेताना नानांचे डोळे भरून आले. आनंदानं की हरल्यामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. यंदा माधुरी राज्याच्या संघात आहे.

नाना साठ वर्षांचे झाले. त्यानिमित्त ठेवलेल्या सत्काराच्या दिवशी सकाळी त्यांच्या जुन्या-नव्या शिष्यांचा सामना ठरला आहे. आम्ही त्यांना पंच व्हायला सांगितलं, तर ते रागावले. म्हणाले, मला खेळायचं आहे. नाना, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यातलं प्रत्येक वर्ष मैदानावर जावो. तुम्ही खुशाल धावा. शाल आणि श्रीफळ सांभाळायला आम्ही आहोत.