हात न लावायचे दोनशे मीटर

रुळावर गाल टेकवून, एक डोळा मिटून मुकादम आडवा झाला की गँगमधली माणसं आपोआप गप्प व्हायची. दोन मिनिटांनी तो उठायचा, पँटवरची धूळ झटकायचा आणि बोटाने दाखवायचा, "तो चौथा स्लीपर. दोन मिलिमीटर बसलाय." मग पट्टी लावून बघा नाहीतर नका बघू, दोनच निघायचे. त्यामुळे त्याचं नाव पडलं मिलिमीटर. तोंडावर मुकादम, पाठीमागे मिलिमीटर. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

घरी मात्र या गुणाचा ताप होता. भिंतीवरचं घड्याळ जरा तिरकं असलं की याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. बरं, स्वतःच्या घरापुरतं असतं तर चाललं असतं. एकदा बायकोच्या मावसबहिणीकडे जेवायला गेले, तर हा पठ्ठ्या जेवण टाकून डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सारत बसला. बायको घरी येईपर्यंत गप्प होती. दार लावलं आणि म्हणाली, "अहो, आपल्याला जेवायला बोलावलं होतं, सुतारकामाला नाही."

एकोणतीस वर्षं त्याच्याकडे तेच सहा किलोमीटर होते. बघणाऱ्याला वाटतं, रूळ म्हणजे लोखंड आणि दगड, त्यात बघायचं काय? पण गाडी गेली की रुळाखालचा आडवा स्लीपर खडीत जरा बसतो. सगळे सारखे बसले तर प्रश्नच नव्हता, पण ते तसे बसत नाहीत. एखादा जास्त बसतो, तिथे खळगा होतो, खळग्यावर पुढची गाडी आपटते आणि खळगा वाढतो. मग गँगने जायचं, स्लीपर उचलायचा, पहारीने खाली खडी ठासायची. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मुकादमाची कंबर यातच गेली होती, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

मग संशोधन केंद्रातून एक बाई आल्या. चाळिशीच्या, पायात पुरुषी बूट, बोलणं तुटक. त्यांनी शंभर मीटर रूळ उचलून घेतला, खडीच्या खाली जाड रबराच्या चटया अंथरल्या आणि सगळं पुन्हा होतं तसं केलं. त्याच्या पुढचे शंभर मीटर नवी खडी घालून साधेच ठेवले. गँगने दुसऱ्याच दिवशी त्यांना चटईवाल्या मॅडम करून टाकलं.

"आता पुढची तीन वर्षं," मॅडम मुकादमाला म्हणाल्या, "या दोनशे मीटरला हात लावायचा नाही. मी दर महिन्याला मोजणीची गाडी घेऊन येईन. धोक्याची हद्द लांब आहे, तिच्या जवळ काही आलं तर मीच काम काढेन. तोवर बसतंय तसं बसू द्या."

"बसू द्या म्हणजे?"

"म्हणजे बघत राहा. मुकादम, आपण खडी ठासतो तेव्हा दगडांचे कोपरे मोडतात. गोल झालेले दगड एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे रूळ आणखी लवकर बसतो. दुरुस्तीच पुढची दुरुस्ती ओढून आणते. रूळ टाकायचा खर्च एकदाच, सांभाळायचा जन्मभर. चटईने तो कमी होतो का, एवढंच मला बघायचंय."

मुकादमाला ते झोंबलं. "म्हणजे एकोणतीस वर्षं मी रूळ खराब करत होतो म्हणा की!"

"तसं नाही. दुसरा इलाज नव्हता."

हुकूम लेखी होता. त्यावर त्याने सही केली आणि वर तोंडानेही शब्द दिला. चार महिने तो पाळला. पाचव्या महिन्यात साध्या भागात एक स्लीपर बसला. इतरांना पत्ता नव्हता, पण याला गाडीच्या आवाजातही तो ऐकू यायला लागला. तो त्या दोनशे मीटरवरून मान वळवून जायचा. गँगमधला एक म्हणाला, "मुकादम, सावकाराचं घर लागलं का वाटेत?" सगळे हसले, हा हसला नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन एकटाच गेला. गाड्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या. वीस मिनिटांचं काम. परत आला तो इतका खुशीत की बायकोने विचारलं, "कुठे होतात हो?" तो म्हणाला, "पाय मोकळे करायला." पुढे पाय मोकळे करणं वाढत गेलं. दर वेळी वाटायचं, एवढंच एक, याने काय होतंय?

दीड वर्षाने मॅडम गँगच्या पत्र्याच्या खोलीत आल्या. हातात कागदांची गुंडाळी होती. बाकावर बसल्या आणि चहा हातात धरून राहिल्या.

"मुकादम, चाचणी बंद होतेय. चटईचा भाग जेमतेम बसलाय. पण साधाही तेवढाच बसलाय. दोन्हींत फरकच नाही. वरचे म्हणतात, मग चटईवर पैसे का घालायचे? पुढच्या महिन्यात ती काढून टाकतील." गुंडाळी बाकावर टाकून म्हणाल्या, "प्रयोगशाळेत सहा वर्षं घालवली हो यावर. तिथे फरक पडत होता. इथे का पडत नाही, मला कळत नाही. चुकलं असेल माझंच."

गँगमधली माणसं बाहेर अवजारं मांडत होती. मुकादमाने खाली मान घातली. गप्प बसलं की संपलं, हे त्याला लख्ख दिसत होतं. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या कागदावर एक काळा ठिपका नव्हता. पण समोर ही बाई स्वतःला दोष देत बसली होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचं नाही चुकलं," तो म्हणाला. "साधा भाग मी उचलून ठासलाय."

"काय?"

"अकरा वेळा. सुट्टीच्या दिवशी यायचो. बघवत नव्हतं मला."

मॅडमनी चहा खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला. "सही केली होती तुम्ही! मी दर महिन्याला येऊन तुमच्या हातच्या कामाची मोजमापं घेत होते?"

"हो."

त्यांनी गुंडाळी उलगडून दोन्ही भागांचे आकडे पुन्हा पाहिले. मग एकदम विचारलं, "आणि चटईच्या भागात किती वेळा?"

मुकादम गोंधळला. हा विचार त्याने केलाच नव्हता. "तिकडे नाही गेलो कधी. तिकडे गरजच पडली नाही."

मॅडमनी कागद पालथा केला आणि त्यावर लिहून घेतलं: अकरा, शून्य. मग त्याच्याकडून एकेक तारीख काढून घेतली. त्याला सगळ्या आठवत होत्या.

वरच्या लोकांनी हा आकडा मोजमाप म्हणून धरला नाही. चोरून केलेल्या कामाचा पुरावा कसला, म्हणाले. पण चटई काढायचं थांबलं, आणि चाचणी पहिल्यापासून, पुन्हा तीन वर्षं, असं ठरलं. मुकादमाच्या कागदावर लेखी ताकीद चढली. ती घेऊन तो साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला दुसऱ्या टप्प्यावर टाका."

"का? मॅडमनी तर तुम्हालाच ठेवा म्हटलंय. आता कळलंय ना तुम्हाला?"

"कळलं तर तेव्हाही होतं. माझाच माझ्यावर भरवसा नाही."

साहेबांनी बदली दिली आणि जागेवर कोण येणार ते त्यालाच ठरवायला सांगितलं. माणसं दोन होती. एक त्याने स्वतःच्या हाताखाली बारा वर्षं तयार केलेला. दुसरा शेजारच्या गँगमधला, थंड डोक्याचा, पट्टीवर आकडा दिसल्याशिवाय तोंड न उघडणारा. मुकादम दोघांना साध्या भागात घेऊन गेला आणि बघायला सांगितलं.

त्याचा माणूस रुळाला गाल लावून झोपला आणि उठता उठता म्हणाला, "तिसरा आणि सातवा. तिसरा जास्त. मुकादम, पहार आणू का?"

दुसरा वाकला, उभा राहिला, खांदे उडवले. "मला तर सगळं सरळ दिसतंय. मोजल्याशिवाय मी काही सांगत नाही. आणि हुकमात नसेल तर करतही नाही."

मुकादमाने त्या दुसऱ्याचं नाव दिलं.

"मी चुकीचं सांगितलं का?" त्याच्या माणसाने विचारलं. "मोजून बघा ना!"

"मोजायला कशाला हवं? बरोबरच सांगितलंस," मुकादम म्हणाला. "म्हणूनच तुला नाही ठेवत इथे."

त्या माणसाने पहार खांद्यावर टाकली आणि निघून गेला. मुकादम बदलून जाईपर्यंतचे पंधरा दिवस तो त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. मुकादमाला ते ताकिदीपेक्षा जास्त लागलं, पण दिलेलं नाव त्याने बदललं नाही.