दाराखालची भोकं

आमच्या नौपाड्याच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका दर रविवारी माझ्या जुन्या गाडीपाशी येतात, दारावर टकटक करून कान लावतात आणि म्हणतात, "आतून खातंय रे." मग स्वतःच गंज घासून खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. त्या नादात दाराखाली पाणी निथळायला ठेवलेली भोकंही बुजवतात. त्यानंच दार पुन्हा गंजतं, असं गॅरेजवाल्यानं सांगितलेलं, पण काकांना सांगायला माझी जीभ रेटेना. ते वर गेले की मी खिळ्यानं भोकं गुपचूप मोकळी करायचो.

परवा लांबी भरून होताच काकांनी खिशातून खिळा काढून माझ्यापुढे धरला.

"ओली आहे तोवर पाड भोकं. वाळल्यावर तुला फार जड जातं."