आटे पाडायचे की उठवायचे

बापाशी भांडून मी लोणी भापकर सोडलं. घरचा लोहारकीचा भाता मला नको होता, मला यंत्रावर उभं राहायचं होतं. इंदापुरातल्या एका वर्कशॉपात लेथवर लागलो तेव्हा अंगात अशी घाई की दोन घास धड बसून खात नसे. आम्ही नांगरांचे आणि उसाच्या चरकांचे बोल्ट करायचो. लेथवर आटे कापायचे, त्याला आमच्यात आटे पाडणं म्हणत.

त्या साली मालकांनी मुंबईहून नवं यंत्र आणलं. दोन खाचदार पोलादी पट्ट्या, एक घट्ट बसवलेली, एक सरकती. त्यांच्यामधून सळई लाटली की अंगावर आटे उमटत. ते यंत्र मला हवंच होतं. मिस्त्रीच्या इतका मागे लागलो की तो वैतागला.

"चालीव. पर पट्ट्यांची जोडी येकच हाय. मोडलीस तर घरचा रस्ता धरायचा. आन् ध्यानात ठेव, हितं आटं पाडायचं न्हाईत, उठवायचं."

मला हसू आलं. म्हाताऱ्याला शब्दांची हौस आहे, म्हटलं.

अर्ध्या इंचाच्या बोल्टसाठी मी सवयीने सगळ्या सळया लेथवर तासून बरोबर अर्धा इंच जाडीच्या केल्या. आधी एकच लाटून नट लावून पाहायला मला धीर कुठला! पाचसहा लाटल्यावर पाहिलं तर नट तोंडालाच अडला. डोकं फिरलं. पट्ट्या आवळल्या, पुन्हा लाटलं, तरी नट जाईना. आणखी आवळल्या. कट् असा आवाज झाला आणि सरकत्या पट्टीला चीर गेली.

मिस्त्रीने शिवी दिली नाही. पोराला घेऊन जा, असा निरोप माझ्या बापाला धाडला.

दोन दिवस मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. बाप आला, बिघडलेला बोल्ट उचलून त्याने आट्यांवरून नख फिरवलं.

"ह्ये कापत न्हाईत व्हय?"

"न्हाय तात्या, दाबत्यात," मिस्त्री म्हणाला.

"मग खाचंतलं लोखंड जाईल कुठं? वरच येनार की. सळई आदीच बारीक घ्याया पायजे."

यंत्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुमाला कळलं, मग ह्याला कसं कळलं न्हाय?" मिस्त्रीने विचारलं.

"लोखंड दाबल्यावर कुठं सरकतंय ह्ये म्या त्याला कदी शिकवलंच न्हाय," बाप म्हणाला. "चूक माजी हाय. पोराला ठिवून घ्या."

हे साफ खोटं होतं. ऐरणीशी उभा करून त्याने मला ते रोज सांगितलं होतं, मीच कान दिला नव्हता. मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिला. नोकरी टिकावी म्हणून मी मान खाली घातली आणि बापाला खोटं बोलू दिलं.