धनीबाईचा फगवा

घाटंजीच्या बाजारात डिंक विकणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण गिऱ्हाईक आधी धनीबाईला शोधायचं. एक तर तिचा डिंक चोख, साल-माती नसलेला. दुसरं म्हणजे तिची जीभ. भाव पाडून मागणाऱ्याला ती असं काही बोलायची, की तो हसत हसत वरचे दोन पैसे देऊन जायचा. नवरा पूनमसिंग अबोल माणूस. त्याच्या वाट्याचं बोलणंही तीच उरकायची. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची ओढणी, डोक्यावर टोपली, अशी ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून निघाली की उन्हात लांबून चमकायची. तेच तिला नडलं, कारण चंदेवाल्यांनाही ती लांबूनच दिसायची.

चंदेवाले पूर्वीही होते, पण चीनची लढाई झाली आणि त्यांना ऊत आला. लढाईच्या वेळी लोकांनी खरंच मनापासून दिलं. धनीबाईनं पायातले चांदीचे वाळे काढून दिले आणि त्याबद्दल पुन्हा कधी तोंडातून शब्द काढला नाही. लढाई थांबली. मात्र डबा पुढं केला की लोक देतात, ही गोष्ट गावातल्या रिकाम्या मंडळींच्या चांगलीच ध्यानात राहिली. मग वाचनालयाचा डबा आला, व्यायामशाळेचा आला, गोरक्षणाचा आला. कुठल्याशा दूरच्या पुराचा एक डबा होता. पूर ओसरला, तिथल्या लोकांनी पेरण्या करून पीकही घरात आणलं, तरी घाटंजीत तो डबा खुळखुळतच होता.

या सगळ्यांत वरचढ बापूजींची ‘दीनसेवा निधी समिती’. बापूजी कचेरीतून निवृत्त झालेले. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, आणि आवाज असा भरून आलेला, की घरात आत्ताच कुणी गेलंय असं वाटावं. समिती क्षयरोग्यांसाठी दवाखाना बांधणार होती. त्याची कोनशिला बसली होती आणि तिच्यावर उभं राहून शेळ्या बोरीचा पाला खात होत्या.

बाजाराच्या तोंडाशी एक निंब होता. त्याच्याखाली बापूजींचे स्वयंसेवक डबे आणि कागदी फुलं घेऊन उभे राहत. आधी छातीवर फूल टोचायचं आणि मग हात पसरायचा, अशी त्यांची रीत. एकदा टाचणी आत गेली की नाही म्हणायची सोय उरत नसे. लोक अगदी जेरीस आले होते. कापडवाले किसनसिंग शेट स्वतःच्या दुकानात मागच्या मोरीतून शिरू लागले. शाळेचे एक मास्तर सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचे. काही जण मागच्या बाजाराचं फूल जपून ठेवून पुन्हा लावून येऊ लागले, तर बापूजींनी दर आठवड्याला फुलाचा रंग बदलला. एवढी हुशारी दवाखान्याच्या भिंतींसाठी कधी खर्च झाली नाही.

माघातल्या एका बाजारी एका स्वयंसेवकानं धनीबाईच्या ओढणीला घाईनं टाचणी खुपसली. कापड टरकलं आणि एक आरसा निखळून मातीत पडला.

“अरे, काय करून राह्यला बावा?” ती ओरडली. “हे मायच्या हातचं काम हाये!”

“दीनदुबळ्यांसाठी आहे, बाई,” बापूजी मधे आले. “तुम्ही धडधाकट आहात. जे अंथरुणाला खिळलेत त्यांचा विचार करा. दिल्यानं काही कमी होत नाही.”

“मंग तुमी किती देल्लं?”

बापूजींनी टोपी सारखी केली. “आम्ही आमचा वेळ देतो.”

भोवती माणसं जमली होती. सगळे बघत होते आणि सुटका व्हावी म्हणून तिच्याच तोंडाकडे आशेनं पाहत होते. धनीबाईनं कनवटीचं नाणं काढून डब्यात टाकलं, आरसा उचलला आणि जाऊन जागेवर बसली. त्या दिवशी तिनं एकाही गिऱ्हाइकाला हसवलं नाही.

मग होळी आली. होळीला तांड्यावरच्या बाया रस्त्यावर उतरतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला घेरतात, त्याच्याभोवती गाणी म्हणत नाचतात, रंग लावतात आणि फगवा मागतात. जे मिळेल त्याचं तांड्यावर गोडधोड होतं. मुलखात हे सगळ्यांना ठाऊक. त्यात कुणी रागावत नाही.

दुपारी रस्त्यावर धूळ उडाली. एका कंत्राटदाराची मागून आणलेली जीप येत होती. चालवायला दारव्ह्याचा देवीलाल, शेजारी बापूजी, मांडीवर मोहोर लावलेला डबा. धनीबाईनं ते पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मागं बसंतीबाई, मानीबाई, सगळा तांडाच. देवीलालनं खुशीनं ब्रेक दाबला.

“फगवा द्या, बापूजी!”

“बायांनो, मी घाईत आहे.”

“आमाले घाई नाही,” बसंतीबाई म्हणाली आणि बायांनी फेर धरला.

“सुटे नाहीत माझ्याकडे.”

“मोडून देतो ना आमी.”

“अहो, मागच्या तांड्यावर दिले मी!”

देवीलालला राहवेना. “कधी देल्ले, बापूजी? मागच्या तांड्यावर तर तुमी मले जीप पळवाले लावली.”

बायांमध्ये हसू फुटलं. बापूजींचा भरून आलेला आवाज एकदम कोरडा झाला. “पण हा पैसा जाणार कुठं? कुठल्या कामासाठी मागता तुम्ही?”

“खाऊन टाकू,” धनीबाई म्हणाली. “आजच्या आज.”

इतकं सरळ उत्तर त्यांनी समितीच्या एकाही बैठकीत ऐकलं नव्हतं. त्यांचा हात नकळत मांडीवरच्या डब्याकडे गेला.

“तो डबा नोका उघडू,” तिनं दरडावलं. “त्याच्यात लोकायचं हाये. तुमच्या खिशातलं काढा.”

खूप वेळ चाचपून खिशातून एक रुपयाची नोट निघाली. ती बाहेर येताना बापूजींच्या चेहऱ्यावर दाढ उपटल्यासारखी कळ उमटली. नोट देऊन त्यांनी हात पुढंच ठेवला. “बारा आणे परत द्या.”

“काहून? देल्ल्यानं कमी होते का?”

मग बायांनी त्यांना खाली उतरवलं, टोपीसकट लाल केलं आणि दोन फेरे नाचवलं. देवीलाल स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. पुढच्या बाजाराच्या आत त्यानं ही गोष्ट दारव्ह्यापासून वणीपर्यंत पोचवली.

त्या बाजारी धनीबाई निंबाजवळ आली, तसे स्वयंसेवक डबे घेऊन रसवंतीच्या आडोशाला गेले. बाजारानं ते पाहिलं. त्यानंतर लोक तिची वाट बघत बाहेर थांबू लागले. ती आली की तिच्या मागं मास्तर, मास्तरांच्या मागं किसनसिंग शेट, असे सगळे ओळीनं आत शिरायचे. सुरुवातीला तिला गंमत वाटली. पण एकदा ती तापानं आली नाही, तर पुढच्या वेळी शेट तिच्यावरच चिडले. “बाई, येणार नसाल तर सांगत जा. आम्हाला फूल लागलं ना!”

पुढं व्यापाऱ्यांनी सभा घेतली आणि ‘चंदा निवारण मंडळ’ काढलं. शेट अध्यक्ष झाले. मंडळी धनीबाईच्या टोपलीपाशी आली.

“प्रत्येक बाजारी तुमच्या बाया आणा,” शेट म्हणाले. “नाचा, घेरा, काय ते करा. मंडळ तुमच्या पाठीशी आहे.” मग त्यांनी पिशवीतून नवं कोरं पावतीपुस्तक काढलं. “फक्त मंडळाची वर्गणी तेवढी भरावी लागेल. खर्च असतो ना.”

धनीबाईनं ते पुस्तक एका बोटानं बाजूला सारलं.

“शेटजी,” ती म्हणाली, “आमचा फगवा वर्साचा एकच सण. खाल्लं-पेल्लं का दुसऱ्या दिशी आमी कामाले लागतो. तुमचं तसं दिसत नाही.”

तिनं टोपली उचलली आणि बाजाराबाहेर नाल्याच्या पुलापाशी जाऊन बसली. ज्यांना निंबाखालून जायचं नव्हतं ते तिथूनच डिंक नेऊ लागले. मग एक कांदेवाली आली, एक मडकीवाला आला, आणि वर्षभरात पुलापाशी निम्मा बाजार भरला. तिकडं मंडळात खजिनदार कोण यावरून भांडण जुंपलं. त्याची दोन मंडळं झाली, आणि दोघांचेही डबे निंबाखाली समोरासमोर उभे राहिले. दवाखाना झाला नाही. कोनशिला तेवढी शेळ्यांनी घासून गुळगुळीत केली.

एका हिवाळ्यात बापूजी पुलावर आले. लेक बाळंत झाली होती, लाडवांसाठी डिंक हवा होता. त्यांनी भाव करून पाहिला. धनीबाईनं वजन चोख दिलं, भावात मात्र पैसाही सोडला नाही. नातू झाला का नात, एवढं तिनं विचारलं. नात, म्हणाले ते. त्यावर तिनं मूठभर चारोळी वरून टाकली.

पुडी घेऊन बापूजी निघाले. घराचा सरळ रस्ता निंबाखालून होता. त्यांनी क्षणभर तिकडं पाहिलं, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि ते नाल्यात उतरले.

“सांभाळून जा, बापूजी,” धनीबाई वरून म्हणाली. “खाली चिखल लय हाये.”

“माहीत आहे,” बापूजी म्हणाले. “रोजचीच वाट आहे.”