सत्काराची शाल

माझ्या कादंबरीतली मुलगी बारा वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. माझी मुलगीही तशीच. अंगावर अचानक कापड पडलं की तिला भाजल्यासारखं होतं. हे तिनेच मला सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं लिहिलं. मार्केट यार्डात मिरची-हळदीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाची मुलांसाठीची कादंबरी कोण वाचणार, असं वाटलं होतं. पण पेठेतल्या एका वाचनालयाने चक्क वाचनाचा कार्यक्रम ठेवला.

कादंबरीतलं एक पान आपण वाचणार, असं मुलीनेच जाहीर केलं. आपणहून लोकांसमोर उभी राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. म्हणाली, कुणी हात लावायचा नाही आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत. मी वाचनालयाच्या चिटणीसांना फोन करून तिच्या अटी सांगितल्या.

"अहो, पुस्तक वाचलंय आम्ही," ते म्हणाले. "आम्हालाच काय शिकवताय?"

मी खजील होऊन फोन ठेवला.

कार्यक्रमात अध्यक्षबाईंनी तर कमाल केली. नायिका अंगातला स्वेटर ओरबाडून काढते तो प्रसंग त्यांनी जवळजवळ तोंडपाठ सांगितला. सांगताना त्यांनी डोळे पुसले, मीही पुसले. शेजारी मुलगी हातातल्या पानाची ओठातल्या ओठात उजळणी करत होती.

"आणि वाचनाआधी," बाई म्हणाल्या, "आपल्या या छोट्या पाहुणीचा सत्कार!"

मी उठेपर्यंत त्यांनी तबकातली शाल मागून मुलीच्या खांद्यांवर टाकलीसुद्धा. वर दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

मुलगी किंचाळली, शाल भिरकावली आणि कान दाबून टेबलाखाली शिरली. तबक उलटलं, नारळ घरंगळत खाली गेला. बाई तशाच उभ्या. आत्ता माइकवर डोळे पुसत सांगितलेला प्रसंगच पुढ्यात घडतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिल्या रांगेतल्या एक आजी नारळ उचलून माझ्याकडे आल्या. "पुस्तकातली मुलगी किती गोड आहे हो," म्हणाल्या. "हिला जरा वळण लावा." मग पिशवीतून माझं पुस्तक काढून पुढे केलं. "सही देता? नातीला द्यायचंय."

नारळ मी त्यांच्या पुस्तकावर ठेवला आणि टेबलाखाली वाकलो.

धायरीला घरी जायला आम्ही रिक्षा केली. पान तिच्या मुठीत चुरगळलं होतं. आता ही पुन्हा कधी कुणासमोर वाचणार नाही, असंच मला वाटत होतं. घरापाशी उतरल्यावर तिने ते पान माझ्या हातात दिलं.

"बाबा, पुढच्या पुस्तकात तिला कार्यक्रमाला नेऊ नकोस."

"का गं?"

"तिलाही शाल घालतील."